तीन बायकांच्या दगडाला रंग कुणी फासला?

नॉटिंगहॅमच्या आमच्या घरात दोन यंत्रं कुणाचंच ऐकत नसत. एक बाबांचा ब्लीप, म्हणजे पेजर, हॉस्पिटलातून कधीही वाजणारा. दुसरा स्वयंपाकघराबाहेरचा स्मोक अलार्म. आईनं फोडणी घातली, मोहरी तडतडली की तो घर डोक्यावर घ्यायचा, आणि मी खुर्चीवर चढून टी-टॉवेलनं त्याला वारा घालायचे. आई खालून म्हणायची, "घाल, घाल. एवढं वारं देवालासुद्धा कुणी घालत नाही." घर भाड्याचं, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतलं. कार्पेटचा मूळ रंग कोणता यावर आईबाबांचे मतभेद होते आणि ते शेवटपर्यंत मिटले नाहीत. बाबांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कराड सुटलं आणि आई एकदम गप्प झाली, असं बाबा म्हणत. मला तसं कधी वाटलं नाही. मला वाटायचं आईला इथं बोलायला कुणी नाही, एवढंच. माणूस गप्प होणं आणि त्याला बोलायला कुणी नसणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे अर्ज वेगळ्या खिडक्यांवर द्यावे लागतात. बाबांना हा फरक कधी कळला नाही.

शेजारी मॉयरा राहायची. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून तरुणपणी नर्स व्हायला आलेली, बाबांच्याच हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, आणि आयुष्यभर कशाच्या ना कशाच्या विरोधात उभी राहिलेली बाई. बॉम्ब, हॉस्पिटलचे बंद पडणारे वॉर्ड, झाडं तोडणं. तिला विषय कमी पडला नाही. ती आईला 'सू' म्हणायची, कारण सुलभा तिच्या जिभेवर बसत नव्हतं. आई तिला 'मॉयराबाई' म्हणायची, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल मराठीत बिनधास्त मत द्यायची. कुंपणावरून दर बुधवारी देवघेव चाले. तिकडून सोडा ब्रेड यायचा, इकडून भाकरी आणि लसणाची चटणी जायची. ब्रेड आईला कोरडा वाटायचा आणि भाकरी मॉयराला. दोघींनी सहा वर्षांत हे एकमेकींना सांगितलं नाही. शांततेच्या चळवळी अशाच टिकतात.

मॉयरा आमच्या स्वयंपाकघरात चहा घेत आपल्या देवांच्या आणि वीरांच्या गोष्टी सांगायची, तशा मी पुढे कुठल्याच पुस्तकात वाचल्या नाहीत. ती गोष्ट सांगत नसे, तक्रार नोंदवत असे. मी आईसाठी भाषांतर करायचे. लढाईच्या आदल्या दिवशी ओढ्यावर एक बाई वीरांचे रक्ताळलेले कपडे धुताना दिसते, ती मृत्यूची देवी, असं मॉयरानं सांगितलं. आईनं शेंगा सोलता सोलता विचारलं, "गार पाण्यात धुते ना? रक्ताचा डाग गरम पाण्यात जात नाही." ब्रिगिड नावाची देवी म्हणजे खरं तर तीन बहिणी, एक कवितेची, एक वैद्यकीची, एक लोहारकामाची, आणि तिघींचं नाव ब्रिगिडच, हे ऐकून आई म्हणाली, "मग हाक मारली की तिघी येत असतील. बरंय, कामाला." पुढे चर्चनं त्या देवीची संत करून टाकली आणि लोकांनी काहीच झालं नाही असं दाखवून पूजा चालू ठेवली. "हे आपल्याकडेही होतं," आई म्हणाली, पण कुठे ते सांगितलं नाही.

मला मात्र कू खुलिन आवडायचा. हा त्यांचा सगळ्यात मोठा योद्धा. मरणाची जखम झाली तेव्हा यानं स्वतःला एका उभ्या दगडाला बांधून घेतलं, उभ्यानं मरायचं म्हणून. शत्रू जवळ यायला धजेनात. शेवटी एक कावळी त्याच्या खांद्यावर येऊन बसली, तेव्हा कुठे त्यांना कळलं की तो गेला. मॉयरानं हे सांगितलं आणि ती डोळे पुसू लागली. आईनं तिच्यापुढे चहा सरकवला. "कावळा शिवला म्हणजे," ती म्हणाली. "सुटला बिचारा." याचं भाषांतर मी केलं नाही. काही गोष्टींचं भाषांतर केलं तर चहा थंड होतो.

मॉयरानंच मला पत्रक लिहायला शिकवलं. तिचे नियम सोपे होते. मथळ्यात आरोप हवा. मागणी एकच हवी. 'कृपया' हा शब्द जिथे दिसेल तिथे खोडायचा. आज चाळिशी ओलांडली, अर्धं आयुष्य पत्रकं लिहिण्यात गेलं, पण या नियमांत मी एकाचीही भर घालू शकलेले नाही. एक मात्र त्यात असायला हवा होता असं वाटतं, तो मला माझ्या पहिल्या पत्रकानं शिकवला.

आमच्या भागाच्या टोकाला, टेकडीखाली, बीच नावाच्या झाडांत एक झरा होता. लोक त्याला 'लेडीज वेल' म्हणत. झऱ्याच्या डोक्याशी कमरेइतक्या उंचीचा दगड, आणि त्यावर तीन बायका बसलेल्या. एकीच्या मांडीवर पाव, एकीच्या हातात फळांची टोपली, एकीच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. नाकं झिजून गेलेली, त्यामुळे तिघी एकमेकींच्या सख्ख्या वाटायच्या. रोमन इथं आले तेव्हाच्या काळातला दगड, पण देवी त्यांच्या नव्हेत, इथल्या केल्ट लोकांच्या. रोमनांनी फक्त पाथरवट पुरवला, असं मॉयरा म्हणायची. त्या लोकांना देव तीन-तीनच्या जुडीत आवडत आणि पाण्यापाशी आवडत. या तिघींची नावं कुणाला माहीत नाहीत. खाली कोरलेली ओळ होती, ती पावसानं खाऊन टाकली. मला याचा फार राग यायचा. त्या लोकांचे देव आज साबणाच्या वड्यांवर आहेत, रग्बीवाल्यांच्या दंडांवर गोंदलेले आहेत, ऑक्टोबर संपताना दारात चॉकलेट मागायला येणारी पोरं त्यांचाच सण साजरा करतात आणि त्यांना पत्ता नाही. आणि खऱ्या देवी, मूळच्या जागी बसलेल्या, त्यांच्याकडे कौन्सिलचं एक गंजकं कुंपण आणि कुत्र्यांच्या विष्ठेची पेटी. सतरा वर्षांच्या मुलीला संतापायला एवढं पुरतं. मला तर निम्म्यात पुरलं असतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये एका शनिवारी मी आणि मॉयरा तिकडे गेलो, तर तिन्ही बायकांच्या कपाळापासून मांडीपर्यंत रंग फासलेला. लालसर केशरी, चकचकीत, तेलकट. पायाशी भातासारखं काहीतरी पांढरं, कुजकट, कोल्ह्यानं उकरलेलं. मॉयरा म्हणाली, "कोणा मेल्यानं केलं हे!" आणि मी तिथेच खाली बसून वहीत मथळा लिहिला: 'तीन बायकांच्या दगडाला रंग कुणी फासला?' खाली लिहिलं की हे रानटीपणाचं कृत्य आहे, ज्यानं केलं त्याला ना इतिहासाची चाड ना स्त्रियांची, आणि कौन्सिलनं या दगडाचं ताबडतोब संरक्षण केलंच पाहिजे.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती लपवली तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. मी कराडची. आजोळच्या विहिरीवर साती आसरा होत्या, पाण्यातल्या देवी; सात ओबडधोबड दगड, शेंदरानं असे माखलेले की दगड कुठला आणि शेंदूर कुठला कळू नये. आई मला घेऊन तिथे दहीभात ठेवायला जायची. अकरा वर्षं मी शेंदूर पाहिला होता, त्याचा वास मला माहीत होता. आणि तो दगड नॉटिंगहॅममध्ये होता म्हणून शेंदूर मला रंग दिसला. भात होता तो कचरा दिसला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची श्रद्धा मला समजत होती, त्यावर मी कुणालाही अर्धा तास ऐकवू शकत होते.

पत्रकाच्या दोनशे प्रती लायब्ररीत काढल्या. झेरॉक्समध्ये फोटो काळाकुट्ट आला. घड्या घालायला आई बसली, कारण तिच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ येत.

"कशाबद्दल आहे गं?"

"झऱ्यावरचा दगड. वाचवायचाय. वाचून दाखवू?"

"नको, मला आमटी उतू जातेय ते बघायचंय. पण वाचवा हो. फार चांगल्या आहेत त्या."

'त्या' कोण, आणि तुला गं काय माहीत, असं मी विचारलं नाही. मी पत्रकं मोजत होते.

पत्रक गाजलं. स्थानिक पेपरात आलं, रेडिओवर मॉयरा चार मिनिटं ओरडली. आणि कौन्सिलनं, जिनं त्या दगडाकडे कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं, आमचं म्हणणं मान्य केलं. हेरिटेज ऑफिसर बाईंचं पत्र आलं: नागरिकांनी व्यक्त केलेली तीव्र चिंता लक्षात घेता, दगड सुरक्षिततेसाठी हलवून म्युझियमच्या स्टोअरमध्ये ठेवण्यात येईल. स्टोअर म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधली एक शेड. मॉयरानं चौकशी केली. तिथून बाहेर आलेली वस्तू कुणाच्या पाहण्यात नव्हती. दगड जाणार होता, आणि माझ्या पत्रकामुळे जाणार होता. राहून गेलेला नियम हाच: मागितलेलं मिळेल, हे गृहीत धरून मागावं.

त्याच महिन्यात बाबांचा अर्ज होम ऑफिसकडे गेला होता, कायम राहण्याचा. आमचे पासपोर्टसुद्धा तिकडेच. घरात तेव्हा सगळं दबक्या आवाजात चाले. बाबा सायकलसुद्धा फुटपाथवर चढू देत नसत. "अर्ज आत आहे," ते म्हणत, जणू अर्ज झोपलाय आणि आम्ही मोठ्यानं बोललो तर उठेल. मला त्यांनी बजावलं होतं, "तुझ्या त्या मोर्च्यात जा, पण नाव कुठे येता कामा नये."

दगड उचलायचा दिवस शुक्रवार होता. मी कॉलेजला दांडी मारली आणि मॉयराच्या कपडे वाळत घालायच्या दोरीनं स्वतःला तीन बायकांना बांधून घेतलं. गाठी मॉयरानं मारल्या, नर्सच्या, न सुटणाऱ्या. कू खुलिन माझ्या डोक्यात नव्हता असं म्हणणार नाही. त्याच्याकडे तलवार होती, माझ्याकडे पत्रकांचा गठ्ठा. साडेदहाला छोट्या क्रेनचा ट्रक आला, दोन माणसं उतरली, मागून ऑफिसर बाई क्लिपबोर्ड घेऊन. दोघांपैकी वयानं मोठा, क्रेनवाला, म्हणाला, "मॉर्निंग, लव्ह. तुला गार नाही लागत?" आणि थर्मास काढून ट्रकच्या पायरीवर बसला. पेपरचा फोटोग्राफर आला. ऑफिसर बाईंनी मला शांतपणे सांगितलं की मी जे मागितलं तेच त्या करतायत. मी मोठ्यानं घोषणा दिली.

माझ्या खांद्यावर कावळी बसली नाही. आई आली.

पायवाटेवरून, साडीवर माझा जुना अनोरॅक घालून, हातात कापडी पिशवी. मला पाहून थबकली.

"अनघा? कुणी बांधलं गं तुला?"

"मीच. मॉयरानं."

"आज कॉलेज नाही?"

"आई, तू इथे काय करतेयस?"

"शुक्रवार आहे ना," ती म्हणाली, आणि पिशवीतून कुंकवाचा करंडा, दहीभाताचा डबा आणि औषधाची एक बाटली काढली. बाटलीत तेलात कालवलेला शेंदूर होता. केशरी. चकचकीत.



"सरक जरा," आई म्हणाली. "हात लावू दे त्यांना."

"आई, ती बाटली आत टाक. आत्ताच्या आत्ता. तूच लावतेस हे?"

"मग कोण लावणार? आधी नुसतं हळदकुंकू वाहायचे. पण मेला इथला पाऊस, घरी पोचेपर्यंत पुसून जायचं. यंदा कराडहून शेंदूर मागवला. तेलातला टिकतो बघ."

"पण का?"

आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी फी भरूनही नापास झालेय. "पहिल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला तुला. हॉस्पिटलात होतीस. बाबा डॉक्टर, ते औषध देत होते. मी काय देणार? फिरत फिरत इथं आले. बघते तर आपल्या आसराच. सात नाहीत, तीन आहेत, पण परदेशात एवढ्या तरी कुठे भेटतात? म्हटलं, पोरीला उठवा, दर शुक्रवारी येईन."

ऑफिसर बाई पुढे आल्या. "तुझ्या आईला काही हवंय का?"

इथं मी काय केलं ते सांगते. खोटं बोलणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध मी पुढे शेकड्यानं पत्रकं काढली, म्हणून सांगायला हवं. मी पाहिलं: ऑफिसर बाई, कॅमेरा, बाटली. असा पुरातन दगड विद्रूप करणं हा गुन्हा, हे मीच पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. आणि बाबांचा अर्ज आत. मी म्हणाले, "ती मला जेवायला बोलवायला आलीय."

"अच्छा," ऑफिसर बाई म्हणाल्या, आणि क्रेनवाल्याला हात केला. तो थर्मास बंद करून उठला आणि क्रेनचा पट्टा सोडू लागला. मॉयरा ओरडत होती. मी ओरडत नव्हते. मला फक्त एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं. दगड गेला असता आणि आई वाचली असती.

आईला इंग्रजी बोलायची लाज वाटायची, समजायचं सगळं. ती पट्ट्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे.

"का नेतायत त्यांना?"

"कुणीतरी रंग फासला म्हणून."

"आणि तू सांगत नाहीयेस."

"बाबांचा अर्ज, आई."

तिनं पिशवी खाली ठेवली. पदर खांद्यावरून घेतला, अनोरॅकच्या वरून, आणि ऑफिसर बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "नो," ती इंग्रजीत म्हणाली. "नो व्हँडल. आय डू द कलर. सिक्स इयर्स. शी इज टेलिंग लाय, बिकॉज आय अ‍ॅम मदर."

क्रेनवाला थांबला.  ऑफिसर बाईंनी दगडाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, डब्यातल्या भाताकडे पाहिलं. त्यांनी क्लिपबोर्डवरचं पान उलटलं.

"सहा वर्षं? किती वेळा?"

"एव्हरी फ्रायडे," आई म्हणाली. मग खोटं राहू नये म्हणून तिनं भर घातली, "नॉट व्हेन पीरियड्स."

ऑफिसर बाईंनी तेही लिहून घेतलं.

"आणि तुम्ही त्यांना काय मागता?"

आईनं दोरीनं बांधलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "धिस वन."

क्रेनवाल्यानं टोपी काढली. का, ते त्यालाही माहीत नसावं. ऑफिसर बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या की दगड धोक्यात आहे म्हणून हलवायचा होता. पण दगडाची पूजा करणारीच रंग लावत असेल तर धोका कुणापासून, हे त्यांच्या फॉर्ममध्ये नाही, तेव्हा फॉर्म बदलेपर्यंत दगड इथेच. त्यांनी आईला ठणकावून सांगितलं की तेल दगडाच्या आत मुरतं, यापुढे एक थेंब नाही. आईनं मान हलवली. "प्लेटमध्ये चालेल?" तिनं मला विचारायला लावलं. प्लेटमध्ये चालणार होतं. माझ्या गाठी सोडायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात आईनं दहीभात सगळ्यांना वाटला, क्रेनवाल्यासकट. त्यानं मागून घेतला.

बाबांनी पेपरातला फोटो दुसऱ्या दिवशी पाहिला. ते आईवर ओरडले नाहीत, माझ्यावरही नाही. तीन आठवडे ते जेवताना फक्त ताटाशी बोलले. पत्राची पेटी वाजली की उठत आणि बिलं घेऊन परत येत. एका संध्याकाळी आई पोळी वाढताना म्हणाली, "अहो, नाहीच म्हणाले तर कराड आहेच की. पण देवींनी माझं काम केलं होतं. त्यांच्यावर वेळ आली आणि मी तोंड फिरवू?" बाबांनी यावर पोळी मागितली. मी स्वयंपाकघरात जाऊन अलार्मला विनाकारण वारा घातला. पासपोर्ट जूनमध्ये आले, शिक्क्यांसकट. होम ऑफिसनं आमचा पेपर वाचला नव्हता. सरकारबद्दल माझ्या मनात आलेला तो एकमेव कृतज्ञतेचा क्षण, आणि मी तो लवकरच आवरला.

आईनं प्लेट नेली ती स्टीलची, तिच्या लग्नातली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसं काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं: 'सौ. सुलभा'. कौन्सिलनं ती दगडासमोर काँक्रीटमध्ये बसवली आणि पाटी लावली की रंग, फुलं, अन्न यातच ठेवावं. पुढे मॉयरा गेली, मग बाबा, आणि तीन वर्षांपूर्वी आई.

मागच्या फेब्रुवारीत, ब्रिगिडच्या दिवशी, मी नॉटिंगहॅमला गेले होते. झऱ्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती, रिबिनी बांधत होती. प्लेटमध्ये हळदकुंकू होतं, पावाचे तुकडे होते, सफरचंद होतं, आणि कुणीतरी ठेवलेली बाळाची लोकरी टोपी. नाकात रिंग घातलेल्या एका रागीट मुलीनं माझ्या हातात पत्रक कोंबलं. मथळ्यात आरोप होता. मागणी एकच होती, कुंपण काढा. 'कृपया' कुठेच नव्हतं. खाली लिहिलं होतं की या केल्टिक देवी हजारो वर्षं अनामिक मानल्या गेल्या, पण प्राचीन लिपीतल्या एका कोरीव लेखावरून, कुणीतरी फोनच्या अ‍ॅपकडून वाचून घेतलेल्या, मधल्या देवीचं नाव आता कळलं आहे. तिचं नाव सुलभा.

चुकीचं पत्रक मी आजवर सोडलेलं नाही, मग ते माझ्या बाजूचं असो की विरुद्ध. मी पेन काढलं. टोपण उघडलं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, भांडायला तयार.

"काही चुकलंय का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अजून दहा दे."